फोटोला बोट लावू नये

मी, ईश्वरअप्पा बसलिंगअप्पा हालगे, वय सत्त्याहत्तर वर्षे, धंदा पूर्वी बोर्ड रंगवणे व फोटोग्राफी, हल्ली काही नाही, राहणार मानवत, तालुका मानवत, जिल्हा परभणी, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली लिहीत नाही. घरात माझे कोणी ऐकत नाही म्हणून लिहीत आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. आठवीला दोनदा बसलो. तरी अक्षर चांगले आहे, कारण तीस वर्षे दुकानांचे बोर्ड रंगवले. कायद्याची भाषा दिनकररावांनी सांगितली तशी घातली आहे. दिनकरराव म्हणजे समोरच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक, माझे मित्र. जिथे भाषा सुटली असेल तिथे माझे स्वतःचे म्हणणे आहे असे समजावे.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी आजचा वार विचारला. मी तो सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्यावर थांबले आहे हेही सांगितले. मला मधुमेह आहे व डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. गॅस बंद केला का हे मी चार वेळा बघतो. माझा मुलगा रुद्रेश याला वेड म्हणतो, डॉक्टर काळजी म्हणाले. काळजीने मृत्युपत्र रद्द होत नाही, असे दिनकररावांनी खात्रीने सांगितले आहे. मी त्यांना दोनदा विचारले.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. पहिल्यात सर्व काही रुद्रेशला दिले होते. सही करण्याआधी मी त्याला विचारले, "ट्रंकेतल्या फोटोंचं काय करशील?" तो म्हणाला, "आप्पा, झाडाचेच फोटो हायत की ते. झाडाचे फोटो आता मोबाईलमधी फुकट येतेत." ते मृत्युपत्र मी त्याच दिवशी फाडले. दुसऱ्यात फोटो एका मोठ्या शहरातल्या संस्थेला दिले होते. त्यांचे उत्तर आले की आधी कलाकाराचा परिचय इंग्रजीत पाचशे शब्दांत पाठवा. ते मृत्युपत्र बंबात घातले. पाणी चांगले तापले.

घर व शेत यांची वाटणी अर्ध्या पानात होईल. हा कागद लांबला आहे तो या ट्रंकेमुळे. ट्रंकेत बेचाळीस फोटो आहेत. ते झाडांचे, शेतांचे, दगडगोट्यांचे दिसतात, पण तसे नाहीत. त्या प्रत्येक फोटोत माझी पत्नी भागम्मा उभी किंवा बसलेली आहे. तिच्या अंगावर मी रंगकाम केले आहे आणि ती मागच्या झाडात किंवा मातीत मिसळून गेली आहे. हे कोणाला सांगणार नाही असा मी तिला शब्द दिला होता. तो शेहेचाळीस वर्षे पाळला. सांगितले नाही तर ट्रंक माझ्यामागे भंगारवाल्याकडे जाणार. सांगितले तर शब्द मोडणार. तो मी या कागदात मोडत आहे. का, ते पुढे येईल.

कलम पहिले. घर.

मानवत येथे बस स्टँडच्या रस्त्यावर माझे स्वकष्टार्जित घर आहे. पुढे स्टुडिओ, मागे तीन खोल्या. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस पिठाची गिरणी, उत्तरेस बोळ, पश्चिमेस नर्मदाबाईंचे घर. पश्चिमेची भिंत सामाईक नाही. ती माझी आहे. नर्मदाबाईंनी त्यांच्या बाजूने तिच्यात एकोणीस खिळे ठोकले आहेत. खिळे राहू द्यावेत, बाई म्हाताऱ्या आहेत. पण भिंत माझी.

हे घर रुद्रेशला द्यावे. स्टुडिओला शटर लावून त्याला मोबाईलच्या दुकानासाठी गाळा काढायचा आहे. काढावा. मात्र अंधारखोलीच्या जागी संडास बांधायचे त्याने दोनदा तोंडातून काढले आहे. ते करू नये. संडासाला बोळाकडे जागा आहे. ज्या खोलीत लाल दिव्याखाली तुझ्या शाळेच्या फीचे फोटो धुतले, रुद्रेश, तिथे दुसरे काहीही कर.

कलम दुसरे. शेत.

पेडगाव, तालुका परभणी येथील चार एकर काळी जमीन भावांच्या वाटणीत माझ्याकडे आली. त्यातली निम्मी रुद्रेशला व निम्मी नात ऋतुजाला द्यावी. ऋतुजा परभणीला शेतीचेच शिकते आहे. तिला मातीचे कळते, निदान कागदावर तरी.

बांधावरचा मोठा कडुनिंब कोणीही तोडू नये. त्याच्यापासून दहा पावलांवर भागम्माची समाधी आहे. आपल्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मलाही तिच्या शेजारी, डाव्या हाताला, बसवून पुरावे. तळहातावर इष्टलिंग द्यावे. जागा मी आखून ठेवली आहे. चार कोपऱ्यांना चार दगड लावले होते. त्यातला एक रुद्रेशने ठिबकच्या पाइपाखाली टेकू म्हणून नेला. तो परत आणावा. तीन कोपऱ्यांची जागा म्हणजे कोणी तरी ती तिरकी खोदणार.

कलम तिसरे. सामान.

यशिका कॅमेरा ऋतुजाला द्यावा. ती तो वापरणार नाही हे मला माहीत आहे. पण एकदा छातीशी धरून, खाली मान घालून, त्याच्या काचेत बघावे. या कॅमेऱ्यात मान खाली घालूनच बघावे लागते. ऋतुजाने मागे एक फोटो मोबाईलवर कोणाला तरी पाठवला होता, दुधनेच्या पात्रातल्या गोट्यांचा. तिकडून उत्तर आले की छान आहे, पण कॉम्प्युटरवर केलेला दिसतो. तो फोटो १९८३ सालचा आहे. तेव्हा मानवतला टेलिफोन लागायला दिवस जात. मी जेवलो नाही त्या दिवशी.

ब्रश सतरा आहेत. खारीच्या केसाचा एक बारीक ब्रश सोडून बाकीचे शाळेला द्यावेत. बारीक ब्रश माझ्यासोबत पुरावा. हा रिवाज नाही हे मला माहीत आहे. कोणाला न सांगता मला नेतील त्या झोळीत टाकावा.

कलम चौथे. फोटो कसे झाले.

दिनकरराव वाचून म्हणाले, "ईश्वरअप्पा, मृत्युपत्रात एवढं लिहीत नसतेत." मी म्हणालो, "मंग कुठं लिहू? बोर्डावर?" त्यांनी कागद परत दिला, म्हणून हे कलम राहिले आहे.

१९७९ साली एका कृषी दुकानाचा बोर्ड रंगवून मी पेडगावला गेलो. हात कोपरापर्यंत तपकिरी आणि हिरवे झाले होते. घासलेट नव्हते म्हणून तसाच कडुनिंबाला हात टेकून उभा राहिलो. खाली बघितले तर हात दिसेना. खोडच दिसत होते. मी भागम्माला हाक मारली. तिने बघितले, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "तुमचा हात गेला की हो!" मग म्हणाली, "माझ्यावर काढा की. मी लय येळ गुमान उभी ऱ्हाते."

बोर्डाचा तेलरंग कातडीला चालत नाही. गेरू, काजळ, हळद, नीळ आणि मुलतानी माती यांवर काम केले. बाभळीचा डिंक गेरूत कालवून लावला आणि अर्धा तास उन्हात बसवले की तो वाळून तडकतो. ते तडे हुबेहूब सालीसारखे पडतात. हे मला कोणी शिकवले नाही. वाळेपर्यंत हसायचे नाही, बोलायचे नाही. नाही तर तडे आडवे जातात आणि काम वाया जाते. "हसू नको, साल तडकंल," हे वाक्य मी आयुष्यात तिला सर्वांत जास्त वेळा बोललो असेन.

एकदा पांढरट खोडासाठी मी तिच्या पाठीला चुना लावला. पाठ भाजली. पंधरा दिवस ती पालथी झोपली. शेजारी तेल उडाले म्हणून सांगितले. नंतर मी चुन्याऐवजी शंखजिरे वापरले, पण ते पंधरा दिवस माझ्या नावावर आहेत. बरी झाल्यावर ती म्हणाली, "ते पांढरं झाड ऱ्हायलं न्हवं?"

ज्वारीच्या ताटांत, फुटलेल्या कापसात, वैशाखातल्या भेगाळलेल्या काळ्या रानात, असे सतरा वर्षांत बेचाळीस फोटो झाले. उघडे असत ते हात, पाय, तोंड, मान आणि पाठ. अंगावरचे जुने लुगडेसुद्धा मी चिखलात बुडवून त्याच रंगाचे करी. पहिल्याच फोटोच्या वेळी तिने मला अट घातली होती. "तोंड वळखू येऊ देऊ नका. नाव सांगू नका. कुणी इचारलं तर झाड म्हणा." मी हो म्हणालो.

यात माझी फसगत झाली ती अशी की काम जितके चांगले झाले तितके ते दिसेनासे झाले. एका नामांकित स्पर्धेला मी 'मानवाकृती' विभागात तीन फोटो पाठवले. ते परत आले. सोबत छापील चिठ्ठी होती, तिच्यात पेनाने लिहिले होते, "छायाचित्रांत व्यक्ती आढळली नाही. निसर्ग विभागात पाठवावे." पुढच्या वर्षी निसर्ग विभागात पाठवले. "विषय साधा. झाडाच्या निवडीमागचे कारण स्पष्ट होत नाही." कारण माझ्या घरी चुलीपुढे भाकरी थापत होते. मी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा तिने भाकरी उलटली आणि विचारले, "म्हणजे मी सापडलेच न्हाई त्यास्नी?" ती खूश होती. मी दोन दिवस बोललो नाही. मला वाटे, एखाद्याला तरी ती दिसावी. मी सांगायचे नाही आणि त्याला दिसावी. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी अंगावरचे काम थांबवले, कारण तिचे गुडघे धरले. तोपर्यंत असा कोणी भेटला नाही. एक सोडून. त्याचे पुढच्या कलमात लिहितो.

कलम पाचवे. माझा भाऊ शिवकांत.

शिवकांत माझ्याहून चार वर्षांनी लहान. पेडगावला राहतो. आमचे बोलणे १९८७ पासून बंद आहे.

त्या दिवशी मी भागम्माला कडुनिंबाला लावून उभी केली होती. एक हात फांदीसारखा वर, पाठ बाहेर, तोंड बाजूला. डिंक वाळत होता. मी विहिरीवर ब्रश धुवायला गेलो. परत येतो तो शिवकांत बांधावरून ओरडत पळत चाललेला. तो झाडाआड लपून बघत होता असे मी धरले. भागम्माला विचारले, "किती येळ हुबा होता?" ती म्हणाली, "जाऊ द्या हो." बघितले तर तोंडापाशी साल आडवी तडकली होती. "हललीस तू," म्हणून मी तिलाच बोललो. उजेड जात होता, म्हणून घाईने एक फोटो घेतला. तो फोटो सतरा नंबरचा. तो मी बिघडलेला म्हणून कायम ट्रंकेच्या तळाला ठेवला.

शिवकांतने गावात सांगितले की ईश्वरअप्पा बायकोचे नागडे फोटो काढतो. समाजाची बैठक बसली. मला फोटो घेऊन बोलावले. मी दहा नेले. वडीलधारे चष्मे लावून एकेक फोटो उलटासुलटा बघत होते. एक जण म्हणाले, "ह्यात बाई कुठं हाय?" दुसरे म्हणाले, "शिवकांत, उन्हात फिरत जाऊ नको, बाबा." सगळे हसले. शिवकांत फोटोवर बोट ठेवून दाखवू लागला. मी त्याच्या हातातून फोटो ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "फोटोला बोट लावू नये." एवढेच म्हणालो. बाकी काही बोललो नाही.

त्या दिवसापासून त्याचे नाव 'झाडवाला' पडले. त्याच्या मुलीच्या सोयरिकीत लोकांनी तो विषय काढला. मला ते कळत होते. शब्द भागम्माला दिला होता आणि किंमत शिवकांतने भरली.

म्हणून मी या कागदाने जाहीर करतो की शिवकांत बसलिंगअप्पा हालगे याने १९८७ साली बाई पाहिली ती खरोखर पाहिली होती. तो खोटे बोलला नाही. 'नागडे' हा शब्द मात्र खोटा होता आणि लपून बघणे ही चूकच. त्याबद्दलचा माझा राग मी या कागदात कायम ठेवतो.

त्याला मिळकतीतून काही देत नाही, कारण मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. मी दिनकररावांना विचारले, "माफी मागितलेली मिळकतीत धरतेत का?" ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "न्हाई धरत." म्हणून ती या कागदातच मागत आहे. माझी सून अनुपमा त्याला आणायला उद्या एसटीने पेडगावला जाणार आहे. तो येईल का, मला शंका आहे.

कलम सहावे. माझी चूक.

अनुपमा म्हणजे रुद्रेशची बायको, माझी सून. तिचे व माझे पटत नाही हे गल्लीत सर्वांना माहीत आहे. ती वस्तू जागेवरून हलवते. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने माझे डिंकाचे पाणी घाण पाणी समजून ओतून दिले. चोवीस वर्षे झाली. ते पाणी चांगले मुरलेले होते.

भागम्मा दोन वर्षांपूर्वी पौषात गेली. गेल्या भाद्रपदात पाऊस सरत नव्हता. भिंतींना ओल आली होती, म्हणून डांबराच्या गोळ्या बदलायला मी ट्रंक उघडली. वरच्याच फोटोवर पांढरा ठिपका. खालच्यावर ठिपका. त्याखालच्यावरही. फोटोग्राफरला फोटोवर पांढरे दिसले की एकच भीती वाटते, बुरशी. मी कापूस आणि स्पिरिट घेऊन बसलो आणि बारा वाजल्यापासून एकेक फोटो पुसत गेलो. काम नीट केले. एकही डाग शिल्लक ठेवला नाही.

प्रत्येक फोटोवर ठिपका एकच होता. आकार सारखाच, बोटाच्या टोकाएवढा. बुरशी अशी मापून येत नाही. पन्नास वर्षे हा धंदा केलेल्या माणसाला हे कळायला हवे होते.

एकेचाळीस झाले. तळाचा सतरा नंबर हातात घेतला तेव्हा अनुपमा चहा घेऊन आली.

"काय करायलात, मामंजी?"

"बुरशी लागलीय. तूच ट्रंकेवर ओली चादर ठेवली असशील."

तिने कप खाली ठेवला आणि माझ्या हातातला फोटो धरला. अंगठा थेट फोटोवर. मी ओरडलो. तिने सोडला नाही.

"बुरशी न्हाई ती. ईभूत हाय. आत्याबाईंची."

मला समजले नाही. ती खाली बसली. म्हणाली, "रोज लिंगपूजा झाली की आत्याबाई एक फोटो घेऊन बसायच्या. तुमी बाजारात गेल्यावर. आधी सोताच्या कपाळाला ईभूत लावायच्या, मंग त्याच बोटानं फोटोतल्या कपाळाला. मला हाक मारून म्हणायच्या, बघ गं, मी इथं हाय. सापडले का?"

"तुला ठावं होतं? सगळं?"

"सगळं. बेचाळीसच्या बेचाळीस."

"मंग मला का सांगितलं न्हाई तिनं?"

"तुमी ओरडला असता. फोटोला बोट लावलं म्हणून."

"ओरडलो असतोच."

"मंग?" अनुपमा म्हणाली.

थोड्या वेळाने तिने विचारले, "किती पुसले?" मी सांगितले. चहा गार झाला होता. तो तिने नेला आणि गरम करून परत आणला. एरवी ती गार झाला तर गारच प्या म्हणते.

त्यानंतर मी भिंग घेऊन बसलो. एकेचाळीसपैकी नऊ फोटोंत भागम्मा नेमकी कुठे आहे हे मला आता सांगता येत नाही. एक डोळा गेला, दुसरा जात आहे. रंग मी लावला, फोटो मी काढला, धुतला मी, आणि ज्वारीच्या फोटोत मला नुसती ज्वारी दिसते. चिठ्ठी पाठवणाऱ्या त्या परीक्षकांना मी चाळीस वर्षे शिव्या दिल्या. आता मी त्यांच्याच रांगेत आहे. अनुपमाला विचारले. तिने दुरूनच बोट दाखवले, "ती काय, तिसऱ्या ताटामागं." तरी मला दिसली नाही.

शब्द भागम्माने स्वतःच मोडला होता, तर मी तो कशाला पाळू, असे मला एकदा वाटते. पुन्हा वाटते, तिने सुनेला सांगितले, गावाला नाही. चुलीपाशी सांगितलेले वेगळे. चार महिने हाच विचार चालू आहे. शेवटी मला एवढेच समजते की ज्याला सापडायचेच नसते तो स्वतःच्या कपाळावर खूण करत नाही. मी तिची खूण बुरशी म्हणून पुसली. तेव्हा आता निदान लिहून तरी ठेवतो की ती तिथे आहे.

कलम सातवे. ट्रंक.

बेचाळीस फोटो, त्यांच्या निगेटिव्ह आणि ट्रंक, यांवरचा सर्व हक्क माझ्यामागे सून अनुपमा रुद्रेश हालगे हिचा राहील. रुद्रेशचा नाही, ऋतुजाचा नाही, कोणत्याही संस्थेचा नाही. पटत नसले तरी तिचाच. ते लोकांना दाखवायचे, भिंतीवर लावायचे की ट्रंकेत ठेवायचे, हे तिने ठरवावे. दाखवले तर नाव लिहावे. माझे एकट्याचे नको. खाली 'भागम्मा आणि ईश्वरअप्पा' असे लिहावे, याच क्रमाने.

रुद्रेश, तुझ्या आईची पाठ त्यात आहे हे तुला आता कळेल. लाज वाटून काही जाळू नकोस. तू सहा वर्षांचा असताना याच फोटोंवर बोट फिरवून झाडे मोजायचास. मी तुला मारले होते, फोटोला हात लावला म्हणून. ते मारणेही मी मागे घेतो.

सतरा नंबरच्या फोटोवरचा ठिपका कोणीही, कोणत्याही कारणाने, पुसू नये. काच लावू नये, ती चिकटते.

बाकीच्या एकेचाळीस फोटोंबाबत शेवटची सूचना अशी. हा परिच्छेद दिनकररावांनी बाकी कागदाची वाट न बघता मी जाईन त्याच दिवशी अनुपमाला वाचून दाखवावा. त्या दिवशी घरात विभूतीची वडी भिजवलेली असेल. मला पेडगावला बसवून मंडळी परत आली की अनुपमाने हात धुण्याआधी ट्रंक उघडावी आणि प्रत्येक फोटोत भागम्माच्या कपाळाला, ते जिथे असेल तिथे, विभूतीचे एक बोट लावावे. हे मी आजच तिच्याकडून करून घेऊ शकतो. तिने दोनदा विचारलेही. पण माझ्या डोळ्यांदेखत कोणी फोटोला बोट लावलेले मला अजूनही बघवणार नाही. हा माझा दोष आहे आणि तो माझ्याबरोबरच जाईल. राखेने फोटोचा वरचा थर खराब होतो. दहा-बारा वर्षांत त्या जागी कागद पिवळा पडेल. होऊ द्यावा.

या कागदाची अंमलबजावणी दिनकररावांनी करावी. जिवंत असेपर्यंत यात फेरफार करण्याची मला मोकळीक आहे, पण आता ताकद नाही. वर लिहिलेले सर्व मी वाचले, दोन ठिकाणी खोडले, आणि त्या दोन्ही ठिकाणी सही केली आहे.

(सही)
ईश्वरअप्पा बसलिंगअप्पा हालगे

साक्षीदार पहिले:
(सही) दिनकरराव, निवृत्त शिक्षक, मानवत.
ईश्वरअप्पांनी माझ्यासमक्ष सही केली. शुद्धलेखन तपासलेले नाही, कारण त्यांनी तपासू दिले नाही.

साक्षीदार दुसरे:
(सही) शिवकांत बसलिंगअप्पा हालगे, पेडगाव.
आण्णाने माझ्यासमोर सही केली. कागद सगळा वाचला. नागडे म्हणालो होतो, ते चुकलं. पण लपून बघत न्हवतो. दिवस कलल्यावर औत सोडून आलो आणि घामाचा रुमाल लिंबाच्या फांदीला अडकवला, तर फांदी हसली. म्हणून मी पळालो. वहिनी हसल्या नसत्या तर मलाबी झाडच दिसलं असतं.

ठिकाण: मानवत
दिनांक: १४ डिसेंबर २०२५